'गरीब' शब्दावरून पेटलेलं भांडण

"हे कोणत्या शहाण्यानं खोडलं?" शब्दकोशाच्या कचेरीच्या जिन्यात भेटलेल्या पहिल्याच माणसापुढे तिनं कागद नाचवला.

ओली छत्री सावरत तो म्हणाला, "मीच तो... शहाणा."

नवा मुद्रितशोधक. 'गरीब' शब्दाखाली तिनं पहिला अर्थ 'परका' दिला होता आणि यानं तो सरळ उडवला होता.

"अरबीत गरीब म्हणजे परका. फारसीत परदेशी, एकटा पडलेला. तुर्कीत विचित्र. डोळे फोडून शोधलंय मी हे."

"मग व्युत्पत्तीत लिहा. आपल्याकडे गरीब म्हणजे पैसे नसलेला, नाहीतर स्वभावानं मऊ. परक्याला कोण गरीब म्हणतं?"

त्याचं बरोबर होतं. म्हणूनच तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

पुढे मुद्रितं वाचायला दोघांचीच जोडी लागली. एकानं मोठ्यानं वाचायचं, अगदी स्वल्पविरामसुद्धा, आणि दुसऱ्यानं मूळ प्रत पाहायची. ती प्रत्येक स्वल्पविराम त्याच्या डोक्यात घातल्यासारखा उच्चारायची. तो मान खाली घालून हसायचा... आणि तिला त्या हसण्याचाही राग यायचा. तो रजेवर असला की जास्तच.

मग त्याच्या नेमणुकीची मुदत संपली. "राहायचंय का?" असं संपादकांनी सगळ्यांसमोर विचारलं, आणि हा सरळ टेबल आवरायला लागला.

"तोंड शिवलंय का?" तिनं त्याला गाठलं. "राहतो, एवढं बोलता येत नाही? सगळे गरीब गाय म्हणतात ते खोटं नाही."

त्यानं खण धाडकन लावला. त्याला चिडलेलं तिनं प्रथमच पाहिलं.

"कोणासाठी राहू? इतके दिवस समोर बसतोय, भांडणापलीकडे एक शब्द बोललीस माझ्याशी? तुझ्या लेखी मी परकाच आहे ना—"

'तू' म्हणाला तो. दोघांच्याही ते लक्षात आलं, पण माघार कोण घेणार?

"आत जा," ती दातओठ खात म्हणाली. "सांग संपादकांना, राहायचंय म्हणून."

तो तरातरा गेला आणि लगेच बाहेर आला.

"कशासाठी, असं विचारतायत."

"मग?"

"म्हटलं, तिलाच विचारा."

तिचा चेहरा लालबुंद झाला. दार ढकलून ती आत घुसली, आणि साऱ्या कचेरीला ऐकू गेलं—

"कारण मला तो इथे हवाय. रोज. समोर."