पंचवीसचा बार

"बार जेवढा जाड बसेल तेवढा घ्या. पण कापलेलं लोखंड बाहेर यायला वाट ठेवा. आणि होल्डरबाहेर लागेल तेवढाच काढा…"

रोज सकाळी देवापुढे दिवा लावून मी लेथपाशी येते, आणि मशीन सुरू व्हायच्या आधी हा आवाज माझ्या कानात सुरू होतो.

तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी बाबांच्या वर्कशॉपमध्ये एका लांब नळीचं भोक बोरिंग बारने, म्हणजे टोकाला पातं लावलेल्या दांड्याने, आतून कापत होते, आणि मशीन किंचाळत होतं. लेथची हत्यारं विकत फिरणारा एक टूलवाला, खांद्यावर भिजलेली पिशवी, दारात थांबला.

"आत कोण रडतंय?"

"बार रडतोय," मी मान वर न करता म्हटलं. "समजूत काढता येत असेल तर काढा."

तो वाकून बघायला लागला. चाळीस मिलिमीटरच्या भोकात मी सोळाचा बार घातला होता, तोही होल्डरमधून सगळा बाहेर ओढून.

"एवढं मोठं दार आणि एवढा सडपातळ पाहुणा? थरथरेल नाहीतर काय!"

दुसऱ्या दिवशी त्याने पंचवीसचा कार्बाइडचा बार आणला. एवढ्या खोलीवर पोलादी बार लवतो, हा ताठ राहतो, म्हणाला. विकायचा नव्हता, त्याचा स्वतःचा होता. बार पकडणारा आमचा होल्डर बघून मात्र त्याने नाक मुरडलं. होल्डर वरून दोन स्क्रूंनी बार दाबायचा. त्याने बाराला गोल वेढून धरणारी, एका बाजूने चिरलेली बुश बसवली.

"नुसतं वरून दाबून काही टिकत नाही. सगळीकडून कवेत घ्यावं लागतं…" म्हणाला, आणि एकदम पिशवी आवरायला लागला. मी आधीच पुसलेलं टूल परत पुसत राहिले.

भोक आतून आरशासारखं निघालं. मग तो येतच राहिला — विकायला काही नसलं तरी. मोतीबिंदूने डोळे अधू झालेले बाबा दाराशी खुर्चीत बसायचे. कान मात्र तिखट. "आज मशीन गुणगुणतंय," म्हणायचे. "टूलवाला येऊन गेला वाटतं?"

मग त्याचा मोठा भाऊ वारला. दूरच्या गावात भावाचं वर्कशॉप, वहिनी, दोन लहान मुलं, आणि हाती घेतलेलं सिलिंडर आतून कापायचं काम. निघताना तो बार परत घेईना.

"तुझं काम होऊ दे. मग आणून दे… तू स्वतः. आलीस की परत जाऊ देणार नाही."

'तू' पहिल्यांदाच म्हणाला होता. मी म्हटलं, "आणीन. स्वतः."

बाबांचं ऑपरेशन होईपर्यंत मला हलता येईना. ते झालं, त्यांना दिसू लागलं — आणि त्याच आठवड्यात त्याचा फोन आला. घरच्यांनी त्याचं आणि वहिनीचं लग्न ठरवलं होतं. मुलं त्याला बिलगूनच झोपतात, वहिनीला माहेरी कुणी उरलं नाही. त्याने होकार दिला होता.

"तू येऊ नकोस," तो म्हणाला. "बार तुझ्याकडेच राहू दे."

"तुमच्याकडे दुसरा आहे?"

मग हळूच, "पोलादी आहे."

"थरथरतो?"

"…खूप. दोन सिलिंडर वाया गेले."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बार तेलाच्या फडक्यात गुंडाळत होते. माझे सुजलेले डोळे बाबांना आता दिसत होते. ते म्हणाले, कुणाच्या तरी हाती पाठव, पोरी.

"स्वतः आणीन म्हटलं होतं, बाबा. दिलेला शब्द कुणाच्या हाती कसा पाठवू?"

ते उठून लेथपाशी आले. एवढंच म्हणाले, "मशीनचं मी बघतो."

मी दारापर्यंत गेले आणि परत वळले. होल्डरमधली बुश सोडवली, बारासोबत बांधली. नुसता बार त्यांच्या काय कामाचा?

देवापुढचा दिवा अजून जळत होता. मी चपला घातल्या, ते जड पुडकं छातीशी धरलं, आणि सकाळच्या गाडीसाठी निघाले.