नव्वद नंबरच्या गल्लीतलं भूत

डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब घालून बसवलेली माणसं जे पाहतात, त्यावर डॉक्टर विश्वास ठेवत नाहीत. त्यामुळे हॉलमधल्या पडद्यावर भलतंच काहीतरी उमटतं, ही तक्रार तीन आठवडे कुणी मनावर घेतली नाही. ‘थेंबांचा परिणाम, अर्ध्या तासात जाईल’ असं सांगून लोकांना घरी पाठवलं जायचं. मग एक दिवस मेट्रनबाईंनी स्वतः पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत थेंब घालायची हिंमत आजवर कुणी केलेली नव्हती.

त्या शुक्रवारी ती आली होती ती फक्त आत्याचे डोळे दाखवायला. एरवी दर मंगळवारी ती याच दवाखान्याचं नेटवर्क बघायला यायची. सगळे तिला वायरवाली म्हणत. हॉलमधले दिवे मंद होते. चाळीसेक माणसं मान मागे टाकून, डोळे मिटून, ओळीने बसलेली... कुणी बोलत नव्हतं. पडद्यावर ‘क्रमांक ४१, कक्ष ३’ होतं. ते थरथरलं आणि पुसलं गेलं.

‘क्रमांक ०००, कक्ष ०. आज शुक्रवार. तरी ती आलीये.’

“कोण आलीये गं?” आत्याने विचारलं. तिच्या डोळ्यांत अजून थेंब पडायचे होते.

उत्तर द्यायच्या आत मेट्रनबाईंनी वायरवालीचं मनगट धरलं. “बरी सापडलीस. काल ‘निळा ड्रेस विसरता येत नाही’ असं आलं, मी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं! आधी वाटलं, भूत. पण आमच्याकडे वाट बघून बघून गेलेला एकच पेशंट, आणि त्याला लिहिता येत नव्हतं. म्हणजे माणूसच आहे. साहेबांनी त्याला काढायचं पत्र टाइप करून ठेवलंय. नावाची जागा तेवढी मोकळी आहे. चारच्या आत नाव दे.”

घड्याळात तीन वाजून वीस मिनिटं झाली होती.

जिन्याखालची खोली पूर्वी चादरी ठेवायची होती. अजूनही तिथे ओल्या कापडाचा वास यायचा. आत एसी, एक गुणगुणणारी लोखंडी पेटी, हॉलच्या दारावरचा कॅमेरा दाखवणारा छोटा पडदा, आणि मौनीबाबा. दवाखान्याचे संगणक सांभाळणाऱ्या या तरुणाचं हे नाव बारशात ठेवलेलं नव्हतं, कमावलेलं होतं.

“तुम्ही... शुक्रवारी?” तो म्हणाला. त्याच्या मानाने हे भाषणच झालं.

“भूत पकडायला आलेय.”

“भूत?”

“तुम्हाला कुणी सांगितलं नाही?”

त्याने मान हलवली. सगळ्या दवाखान्यात पसरलेली बातमी त्याच्यापर्यंत पोचली नव्हती, कारण त्याच्याशी बोलायला कुणी थांबतच नसे. ती थांबायची, पण दर मंगळवारी, आणि कामापुरतं. निदान तिचं स्वतःला सांगणं तरी असंच होतं.

ती त्याच्या पाठीला पाठ येईल अशी दुसऱ्या टेबलापाशी बसली. त्या पेटीच्या पोटात सात संगणक होते, सगळे आभासी. हात लावावा तर काही नाही. हाक मारली की ओ देतात. त्यांना जोडणारा पूलही पेटीच्या आतच. बाहेर जाणारी वायर एक, पण तिच्यात प्रत्येकाची गल्ली वेगळी आणि गल्लीला नंबर. नेटवर्कवाले तिला व्हीलॅन म्हणतात. हॉलच्या पडद्यांची गल्ली वीस. पडदे चालवणाऱ्या संगणकाची एक हुबेहूब नक्कल चाचणीसाठी नव्वदमध्ये ठेवलेली, म्हणजे पार गावाबाहेर. तिथे काहीही लिहा, विसात ऐकू जात नाही.

तिने आधी पडदे चालवणारा मूळ संगणकच बंद केला आणि आत्याला फोन लावला. “पडदा काळा पडला?”

“पडला,” आत्या म्हणाली. मग, “थांब... आलं काहीतरी. ‘तिने काहीतरी बंद केलं.’”

तिच्या मानेवर काटा आला. जो संगणक लिहितो तोच बंद होता.

“आणखी आलं,” आत्याचा आवाज खाली गेला. “‘ती माझ्या पाठीला पाठ लावून बसलीये.’ अगं, तू कुठे बसलीयेस?”

ती हलली नाही. समोरच्या विझलेल्या पडद्यात तिला स्वतःचा चेहरा दिसत होता, आणि खांद्यामागे अंधारातली एक आकृती, खाली मान घातलेली. टक, टक, टक... मग शांतता. मग फोनमध्ये आत्या: “‘तिला थंडी वाजतेय. एसी कमी करू का, विचारायला हवं.’”

टक, टक. शांतता. “‘पण विचारणार कसं?’”

ती सावकाश वळली. “एसी कमी करा,” ती म्हणाली.

कीबोर्डवरचे हात जागच्या जागी थिजले. “हे... हे तर नव्वदमध्ये आहे!”

“नव्वदमधलं सगळा हॉल वाचतोय. तीन आठवडे.”

“म्हणजे... निळा ड्रेस—”

“मेट्रनबाईंनी मोठ्याने वाचला. काढायच्या पत्रावर घालायला चारच्या आत नाव मागितलंय.”

त्याचा चेहरा चादरीसारखा पांढरा पडला. मग तो हळूच म्हणाला, “माझं नाव लिहा. चारला दहा कमी आहेत.”

“आधी कारण बघू.” तिने चाचणीच्या संगणकाचं नेटवर्क कार्ड उघडलं. गल्लीच्या नंबराचा रकाना... रिकामा! बिननंबरी पाकीट, म्हणजे मजकुराचा तुकडा, बाहेर पडलं की भिंतीवरचा नेटवर्कचा स्विच त्याला मुकाट विसात ढकलत होता. हा बदल कुणी केला, ते खाली लिहिलेलं होतं. तीन आठवड्यांपूर्वीचा मंगळवार, दुपारी बारा सतरा. तिने स्वतः.

तिला तो मंगळवार लख्ख आठवला.

“तुम्ही त्या दिवशी पहिल्यांदा अख्खं वाक्य बोललात,” ती म्हणाली. “‘परत कधी येणार?’ मी वर बघितलं, ‘मंगळवारी’ म्हटलं, आणि नव्वद न लिहिताच सेव्ह दाबलं. दहा वर्षांत असं झालं नव्हतं.”

“माझ्यामुळे?”

“मग काय एसीमुळे?”

तिने रकान्यात नव्वद भरलं. “झालं. आता हॉलमध्ये तुमचं काही दिसणार नाही. यापुढे जे असेल ते तोंडाने.”

त्याने तोंड उघडलं... आणि मिटलं. पेटी गुणगुणत राहिली.

“अगं,” फोन अजून चालूच होता, “पडद्यावर—”

“काळा झाला ना?”

“काळा कसला! लिहिलंय, ‘बोल लेका, जाईल ती.’”

दोघांनी एकमेकांच्या हातांकडे पाहिलं. त्याचे गुडघ्यांवर होते, तिचे मांडीत. विसात एकही पाकीट हलत नव्हतं. खोली एकाएकी फार गार वाटायला लागली. तो ताडकन उठला, आणि भीतीनेच असेल, शब्द बाहेर पडले.

“मला तुम्ही आवडता. मंगळवार पुरत नाही. बाकीचे सहा दिवस मी... लग्न कराल माझ्याशी?”

तिने कीबोर्ड पुढे ओढला. मग म्हणाली, “परत म्हणा. नोंद घ्यायची आहे.”

त्याने परत म्हटलं. या वेळी न अडखळता.

चारला दोन मिनिटं असताना ती दोघं हॉलमध्ये आली. मेट्रनबाई पडद्याखाली कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. “पाच मिनिटं झाली, हे काळं ठिक्कर आहे! एक अक्षर नाही.”

तिने वळून आत्याकडे पाहिलं. आत्या मान मागे टाकून, डोळे मिटून, इतरांसारखीच निश्चल बसली होती. तिच्या चेहऱ्यावरून काहीही कळत नव्हतं.

मेट्रनबाईंनी पत्र पुढे केलं. तिने मोकळ्या जागेत स्वतःचं नाव लिहिलं, आणि खाली, ‘मांडणीतली चूक माझी. मजकूर तपासला, खरा आहे.’ महिनाअखेरीला तिचं कंत्राट नव्याने व्हायचं होतं; आता ते होईलच असं नव्हतं.

मेट्रनबाईंनी ते दोनदा वाचलं. त्याच्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, त्यांच्या गुंतलेल्या बोटांकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग पत्राच्या चार घड्या करून ते खिशात टाकलं. “साहेबांना सांगते, भूतच निघालं. भुताला पत्र देता येत नाही. पण ह्या लोकांचं काय करू? तीन आठवडे वाचतायत. पुढे काय झालं, म्हणून माझं डोकं खातायत.”

मौनीबाबाने घसा साफ केला.

“हो म्हणाली,” तो म्हणाला. चांगलं खणखणीत.

मंद उजेडात डोळे मिटलेले चाळीस चेहरे एकदम त्याच्या दिशेने वळले, आणि सगळेच्या सगळे एकाच वेळी हसले.