वळणावरचे पांढरे दगड

“माय, थांब! तो दगड फोडू नको!”

शिवगंगा एवढ्या जोरात ओरडली, की केवळाबाईंचा वर गेलेला हातोडा वरच राहिला. दुष्काळी कामावर तीस-चाळीस बाया रस्त्याच्या कडेला खडी फोडत बसल्या होत्या. सगळ्यांनी माना वळवल्या.

“का गं? त्यात काय देव बसलाय?” आई वैतागली. “भाकर ठेव अन् घरी जा!”

“देवच हाय समज! मला पाहिजे तो!”

शिवगंगा बारा वर्षांची. सातवीची परीक्षा संपली होती आणि सुट्टीत आईला भाकरी पोचवणं हे तिचं काम होतं. तिनं तो दगड लोटत लोटत लिंबाच्या सावलीत नेला. एका अंगाला चुना होता, त्यात नवल काही नाही. एकीच्या ढिगातला दगड दुसरीनं नेऊ नये म्हणून मुकादम मोजलेल्या ढिगांवर चुन्याचं पाणी मारायचा. पण दुसऱ्या अंगाला तळहाताएवढा लाल रंग घासून बसला होता. आणि तसल्या लाल रंगाची गाडी सगळ्या धामणवाडीत एकच होती, ठेकेदार किशनरावांची मॅटाडोर!

शिवगंगानं मान वळवून कडेच्या खड्ड्याकडं पाहिलं.

नऊ दिवसांपूर्वी माहूरहून देवीचं दर्शन करून रात्रीची परत येताना ती मॅटाडोर ह्याच वळणावर खड्ड्यात उलटली होती. शिवगंगाच्या वर्गातल्या भीमाची आजी, पार्वतीबाई, जागच्या जागी गेली. गाडी चालवत होता नरसिंगमामा, शिवगंगाचा सख्खा मामा. मोडका हात गळ्यात बांधून तो एकच सांगत राहिला, “रस्त्यात पांढरे दगड मांडले होते. वळत्या ओळीत! गाडीचा एकच दिवा जळत होता, जवळ आल्यावर दिसले. एकाला घासली गाडी अन् गेली!”

सकाळी माणसं पाहायला गेली, तर रस्ता कसा लख्ख! एक दगड नाही. मग काय, गावाला तोंडच फुटलं. “डुलकी लागली आसंल!” “डुलकी कशाची, पिला आसंल!” मामा सुपारीसुद्धा खात नाही हो! पण ऐकतो कोण? किशनरावांनी त्याला चारचौघांत कामावरून काढलं. गाडीचा दुसरा दिवा ‘आज बसवू, उद्या बसवू’ म्हणत तीन महिने कोणी बसवला नव्हता, ते मात्र कुणाला आठवलं नाही. तेव्हापासून मामा बहिणीच्या, म्हणजे शिवगंगाच्याच घरी, भिंतीकडे तोंड करून पडून असायचा.

आणि भीमा? शाळेत एका बाकावर बसणारा भीमा नऊ दिवस तिच्याशी बोलला नव्हता. शिवगंगा तडक त्याच्या दारात गेली.

“बोलू नको माझ्याशी,” ती म्हणाली, “पण चल अन् बघ!”

भीमा आला. त्यानं दगड पाहिला, लाल रंगावरून बोट फिरवलं आणि त्याचा चेहराच बदलला.

“म्हंजी दगड होते,” तो हळूच म्हणाला. “मामा खोटं बोलत नव्हते. पण रस्त्यात दगड मांडतं कोण?”

“गाडी बंद पडली की डायवर लोक मांडतात की! मागच्याला कळावं म्हणून.”

“अन् गाडी सुरू झाली की तसंच टाकून पळतात! लई वेळा बघितलंय मी.”

भीमाची बहीण चांगुणा, वय वर्षं आठ, मागं मागं आली होतीच. तिला कुणी विचारलं नव्हतं, तरी ती म्हणाली, “वळणावर मधमाशा पाणी पितात!”

“काय पण! प्यायला माणसाला पाणी न्हाई अन् मधमाशांना कुठलं?”

“चल, दाखवते!”

खरंच होतं! लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती. जिल्हा झाला की पाण्याचा प्रश्न मिटणार, असं ऐकलं होतं गावानं. विहिरींना मात्र तळ दिसत होता. आणि वळणावर, रस्त्याच्या मधोमध, सुपाएवढा ओला डाग! त्यावर मधमाशा घोंगावत होत्या.

“रातचा पाण्याचा टँकर गळतो ना मागून!” शिवगंगानं टाळी वाजवली. “एवढा डाग पडायला किती वेळ उभा राहत आसंल?”

“तास तरी! पण इथं का उभा राहतो?”

“आज रातच्याला कळंल!”

त्या रात्री तिघं ‘माळवदावर झोपतो’ सांगून सटकली. सोबत कंदील आणि चांगुणाच्या जुन्या लाल परकराचा तुकडा. लिंबामागं बसून बसून चांगुणा पेंगली. मध्यरात्र उलटल्यावर टँकर घरघरत आला आणि वळणावरच थांबला. दिवे विझले. ड्रायव्हर गुंडप्पा उतरला. उदगीरकडचा, स्वभावानं गरीब माणूस. त्यानं जांभई दिली, कडेच्या ढिगातले पाच दगड उचलून टँकरच्या मागं ओळीनं मांडले आणि पुन्हा आत चढला. पाच मिनिटांत घोरणं सुरू!

“झोपायला! भर रस्त्यात झोपायला!” भीमा दात खात म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. “माझी आजी ह्याच्या झोपेपायी गेली, शिवगंगे!”

“रडू नको. आधी कंदील!”

कंदिलाला लाल कापड गुंडाळून त्यांनी तो शंभर पावलं मागं, लांबून दिसेल असा ठेवला. चांगुणाला कडेच्या बांधावर, त्याच्यावर लक्ष ठेवायला बसवलं. मग भीमा मांजरीच्या पावलानं टँकरच्या पायरीवर चढला, खिडकीतून हात घातला आणि चावी काढून घेतली!

उजाडलं. टँकर गावात आला नाही म्हणून बाया रिकाम्या घागरी घेऊन वळणावर आल्या. मागून किशनराव आले. टँकरचा ठेका त्यांचाच होता. खडबडून उठलेला गुंडप्पा चावी शोधत होता.

“ए कारट्यांनो, पाण्याची गाडी अडवता?” एक बाई हात उगारून धावली. “लेकरं तहानेनं मरून राहिलीत घरी!”

“देतो की चावी!” भीमा टँकरसमोर उभा राहिला. “आधी त्यांना दगड उचलायला सांगा. त्या रात्री उचलले न्हाईत, म्हणून माझी आजी मेली!”

गुंडप्पानं मागं मांडलेल्या दगडांकडं पाहिलं.

“तीन रात्री झोप नाही रे बाळा,” तो म्हणाला. “अकरा गावं अन् एकटा मी. मालक म्हणतात, आणखी एक खेप मार. डोळे मिटायला लागले की थांबतो. वाटलं, माणसं मरण्यापेक्षा बरं... दगडाचं कधीकधी ध्यानातच राहत नाही.”

“काही सांगू नको!” किशनराव घाईनं म्हणाले. “त्या दिवशी सकाळी रस्त्यात दगड नव्हते. मी स्वतः पाहिलंय!”

शिवगंगानं लिंबाखाली ठेवलेला दगड पुढं आणून ठेवला. “मग तुमच्या मॅटाडोरचा रंग ह्याला कसा? हा दगड सापडला...”

आणि ती अडकली. काल दिवसभर तिनं हाच विचार मनातून ढकलून दिला होता. दगड सापडला होता तिच्या आईच्या ढिगात. रस्त्यातला दगड आपल्या पायानं तर ढिगात जात नाही! तिनं आईकडं पाहिलं. केवळाबाईंनी कडेवरची घागर खाली ठेवली. गर्दीच्या मागं, हात गळ्यात बांधून, मामाही येऊन उभा होता.

“सांग ना माय,” शिवगंगा रडवेल्या आवाजात म्हणाली. “तूच सांग.”

“मीच उचलले,” केवळाबाई म्हणाल्या. “पहाटे कामावर आले तर माझ्या ढिगातले पाच दगड रस्त्यात. त्या दिवशी ढीग पुन्हा मोजायचे होते. ढीग कमी भरला तर हजेरी जाती, म्हणून परत लावले. अंधार होता, अन् माणसांना वाटेवरच्या ट्रकनं रातीच दवाखान्यात नेलं होतं; गाडी खड्ड्यात हाय, हे नंतर कळलं. मग भ्याले. दगड माझे, म्हंजी मीच मांडले म्हणतील, पोलीस नेतील...”

“नऊ दिवस, अक्का?” मामानं विचारलं.

तो ओरडला नाही. ओरडला असता तर शिवगंगाला बरं वाटलं असतं.

“रोज हळद लावत होतीस हाताला. सारं गाव दारुडा म्हणत होतं अन् तू भाकर वाढत होतीस. गावाला नको, मला एकट्याला तरी सांगायचंस, ‘होते रे दगड.’ मला वाटाया लागलं होतं, खरंच माझा डोळा लागला अन् पार्वतीकाकूला मीच मारलं.”

बोलायचं सुचलं ते किशनरावांनाच.

“शाब्बास रे पोरांनो!” ते मोठ्यानं म्हणाले. “गावाचं नाव काढलंत! नरसिंग, उद्यापासून कामावर ये. झालं गेलं विसर.”

“दुसरा दिवा बसवला का?” मामानं विचारलं.

किशनरावांनी नजर टँकरकडं वळवली.

“मग ठेवा तुमची गाडी.”

चार दिवसांनी चावडीपुढं पोरांचा सत्कार झाला. नारळ, पेन, टाळ्या! टँकरवर दुसरा ड्रायव्हर आला, मॅटाडोरला दिवा बसला. ज्यांनी मामाला दारुडा म्हटलं, तीच तोंडं आता “पोरं लई हुशार!” म्हणत होती. भीमानं नारळ घेतला नाही. “आजीला दाखवला असता,” एवढंच म्हणून तो घरी गेला. जाताना मात्र शिवगंगाच्या खांद्यावर हात ठेवून गेला.

मामा सत्काराला नव्हता. टँकर अडवला त्याच दिवशी आपलं गाठोडं घेऊन तो अहमदपूरला निघून गेला होता. आई अजूनही रोज कामावर पहाटे सगळ्यांच्या आधी जाते आणि रस्त्यात एखादा खडा दिसला तरी उचलून कडेला टाकते. रात्री ती एक ताट जास्तीचं वाढते. सकाळी ते तसंच असतं, आणि शिवगंगा ती भाकर गाईला घालते.