तलावाचं पाणी कोण पितंय?

"उभी राहिलीस! परत उभी राहिलीस!" काठावरून कानातो ओरडला.

शाळेच्या पोहण्याच्या तलावात मधोमध इबुकी खोकत उभी होती. नाकात पाणी, डोळ्यांत पाणी, पोटात तर पाणीच पाणी!

"अगं, सगळा तलाव पिऊन टाकू नकोस! आम्हालाही पोहायचंय!" मित्सुकी म्हणाली. सगळे खो खो हसले.

इबुकी हसली नाही. एप्रिलमध्ये हायस्कूलच्या पोहण्याच्या संघात शिरली, तेव्हा तिला पाण्यात तोंडही बुडवता येत नव्हतं. आता जुलै उजाडून उन्हाळ्याची सुट्टी लागली, तरी तळाला पाय न टेकता ती एकदाही पलीकडच्या काठाला पोचली नव्हती. रिले शर्यतीला मुली लागतात चार, आणि संघात होत्या चारच. माओरीताई, मित्सुकी, सायो आणि चौथी इबुकी! कप्तान माओरीताईचं हे शाळेतलं शेवटचं वर्ष, ही शेवटची शर्यत. इबुकीने मध्येच पाय टेकले, की चौघीही बाद, असा या शर्यतीचा नियम.

"ताई, पाणी कमी झालंय," इबुकी म्हणाली.

"प्यायलीस ना तू!" कानातो.

"गप रे! काल इथेच उभी राहिले, तेव्हा पाणी गळ्याशी होतं. आज छातीशी आहे."

हसणं थांबलं. भराभर पोहणाऱ्यांना हे कसं कळावं? त्यांचे पाय तळाला लागतातच कुठे! रोज दमणारी, रोज उभी राहणारी इबुकीच तेवढी पाण्याची उंची अंगावर मोजत आली होती.

एवढ्यात कुझुमी सर तावातावाने आले. "तलावाचा नळ परत कुणी उघडा टाकला? मी सकाळी पाहिलं, तर धो धो वाहत होता! मीच बंद केला!"

"आम्ही नाही, सर!"

"मग काय तलावानेच उघडला?"

सर या वसंतातच बदली होऊन आलेले. शिकवायचे गणित, आणि पाण्यात कधी बोटही बुडवायचे नाहीत. पाणी घटल्याचं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. "तळाला तडा गेला असणार. उद्यापासून तलाव बंद!"



सर गेल्यावर कानातो डोकं खाजवत म्हणाला, "नळ उघडा, आणि पाणी कमी? हे उलटंच झालं की!"

"उद्या पहाटे यायचं," माओरीताई म्हणाली. "लपून बघायचं."

पहाटे डोंगरावरून धुकं उतरत होतं. कपडे बदलायच्या खोलीमागे चौघी आणि कानातो असे पाचही जण दबा धरून बसले. फाटक करकरलं. गणवेशातली माणसं जाडजूड पाइप ओढत आली. "एक! दोन! सोडा!" पंप घरघरला, आणि तलावाचं पाणी कुंपणापलीकडच्या नदीत उसळत पडू लागलं.

"चोर!" मित्सुकी कुजबुजली.

"चोर कसले? बंबवाले आहेत! तो बघ, माझा मामा!" कानातो म्हणाला.

गावातलेच दुकानदार, शेतकरी मिळून आग विझवणारं हे पथक. उन्हाळ्यात पथकापथकांची स्पर्धा लागते, तिचाच हा सराव चालला होता. सराव आटोपला तसे पथकाचे प्रमुख, टोफू विकणारे ओनोदेराकाका, नळाशी गेले, त्यांनी तो पुरता उघडला आणि हात झटकत निघाले.

"काका, थांबा!" इबुकी धावली. "आमचं पाणी!"

"अगं, दरवर्षीच नेतो की! मागच्या सरांनीच सांगितलंय. पाणी घ्या, नळ सोडून जा. संध्याकाळपर्यंत तलाव तुडुंब!"

"आणि आमचे सर रोज येऊन नळ बंद करतात!"

नेमके तेव्हाच कुझुमी सर आत आले. सवयीने त्यांचा हात नळाकडे गेला आणि तिथेच थांबला.

"मला वाटलं, मुलांचाच वांडपणा..."

"आणि मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे..."

माफी मागत दोघे एकमेकांपुढे वाकले. एक वाकला, की दुसरा त्याहून खाली!

"अजून वाकलात, तर दोघंही तलावात पडाल!" कानातो म्हणाला, आणि एकच हशा पिकला.

"शाब्बास, पोरी!" काका इबुकीला म्हणाले. "काय नजर आहे! तू होतीस म्हणून तलाव वाचला!"

माओरीताई मात्र हसत नव्हती. "सर, आमची शर्यत?"

सरांचा चेहरा पडला. "तलाव बंद करायचा, म्हणून काल संध्याकाळी मी संघाचं नाव मागे घेतलं. आता... परत देता येत नाही."

 नदीत पाइपचं उरलेलं पाणी ठिबकत होतं.

"माझ्यामुळे," इबुकी पुटपुटली. "मी पाण्याचं बोलले नसते, तर..."

 माओरीताईने टोपी डोक्यावर ओढली. "उतरा. रिले इथेच होईल."

पाणी कमरेएवढं. मित्सुकी गेली, मग अबोल सायो आली. मग इबुकी. हात मार, श्वास घे, हात मार. गुडघे तळाला खरचटले, छातीत जाळ उठला. आणि मध्यावर ती उभी राहिली.

"शाब्बास!" बंबवाल्यांनी टाळ्या पिटल्या. त्यांना काय ठाऊक!

"बाद झालो, ताई!" इबुकी हुंदके देत होती.

पलीकडच्या काठाशी माओरीताई पाण्यात उभी होती. "तू काठाला हात लावल्याशिवाय मला निघता येत नाही. ये."

इबुकी पुन्हा पाण्यावर आडवी झाली. काठ आला, हात लागला, आणि ताई सुटली. शेजारी कुणी नाही, हरवायला कुणी नाही, तरी जीव तोडून, पाणी कापत, सरळ.

टाळ्या वाजतच होत्या. सरही वाजवत होते. माओरीताई त्या काठाला पोचली, पण तिने बराच वेळ तोंड पाण्यातून वर काढलं नाही.