रिकाम्या सिंहासनाकडे पाठ

चीनमधल्या हंगद्यानच्या चित्रनगरीत मो बाईंना ओळखत नाही असं माणूस सापडायचं नाही. दरबारी मालिकांतल्या नट्यांना गुडघे कसे टेकायचे, नजर कुठवर उचलायची, हे त्या शिकवायच्या. आणि तोरा? अहो, विचारू नका! "माझी पोरगी नुसती वाकली तरी तिची पायरी कळते, संवाद लागत नाही," असं त्या म्हणायच्या, आणि ते खरंच होतं.

त्या दुपारी दिग्दर्शक च्यू हट्टाला पेटला. "धाकटी राणी राजमातेवर चिडलीय ना? मग शब्द कशाला? सिंहासनाकडे पाठ फिरवून ताठ चालत जाऊ दे. एका पाठीत सगळी गोष्ट!"

"सिंहासनाला पाठ?" मो बाई कडाडल्या. "जमायचं नाही!"

"राजमातेची नटी केव्हाच घरी गेली, बाई. रागावणार कोण?"

सगळे फिदीफिदी हसले. बाईंची लाडकी शिष्या यिंगलान, धाकटी राणी ही तिची पहिलीच मोठी भूमिका, बिचारी दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिली. शेवटी तिनं दिग्दर्शकाचं ऐकलं.

लाल खांब, रिकामं सिंहासन, आणि त्याच्यापासून दूर जाणारी निळी, ताठ पाठ. मॉनिटरवर ते दृश्य बघताना बाईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं. मर्यादा मोडली होती खरी, पण चाल त्यांच्याच तालमीतली होती.

यिंगलान बाहेर आली ती धावतच.

"बाई... मागून कुणीतरी विचारलं... तुला कुणी शिकवलं म्हणून."

"मग?"

"भीतीनं तुमचं नाव तोंडून निघून गेलं... 'तिला आत पाठव,' म्हणाल्या. म्हातारा आवाज होता, बाई. नका ना जाऊ... दिग्दर्शकांनी सांगितलं होतं, असं म्हणू या."

बाईंना माहीत होतं, दरबारात शिष्या चुकली की काठ्या गुरूच्या पाठीवर पडत. आपण गेलो नाही, तर बोलावणं पोरीला येणार. आणि आपल्या शिकवणीचं खापर त्या च्यूच्या डोक्यावर? छे! त्यांनी गळ्याचं बटण लावलं.

"माझी पोरगी आहेस तू. उत्तर मी देईन."

आतले दिवे मालवले होते. अंधारात धुपाचा दाट वास भरला होता, आणि धूप तर कुणी जाळलाच नव्हता. सिंहासनासमोर जाऊन बाईंनी गुडघे टेकले.

"मो शूचिन," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. "ती माझीच शिष्या."

दारात च्यू आला. "पुरे झालं नाटक, बाई! चहा निवतोय. उठा आता."

"कशी उठू...?" बाईंचा आवाज कापत होता, पण ऐट तीच होती. "अजून 'ऊठ' म्हटलेलं नाही त्यांनी..."

च्यू हसायला गेला. तेवढ्यात रिकाम्या सिंहासनाच्या लाकडावर लांब नखं वाजली. सावकाश... काहीतरी विचारल्यासारखी.

बाईंनी मान वर केली.

"होय. पाठ फिरवायलासुद्धा मीच शिकवलं."