उरलेलं द्रावण

शुक्रवारी सुट्टी व्हायच्या सुमाराला गोदामवाला प्रयोगशाळेत शिरला. सुगंधी द्रव्यांच्या त्या कारखान्यात तो वर्षभर होता म्हणे, पण प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या तिच्या दृष्टीस पडला तो त्या दिवशी. एका पिंपाचं लेबल ओलीने गळून पडलं होतं. आत अल्डिहाइड आहे की कीटोन, तेवढं सांगा म्हणाला.

तिने टोलेन्सचं, म्हणजे चांदीच्या क्षाराचं, द्रावण ताजं बनवलं, परीक्षानळीत नमुन्याचे थेंब सोडले आणि नळी गरम पाण्यात धरली. कीटोन ढिम्म राहतं, अल्डिहाइड असेल तर काचेला चांदी चढते. चढली. त्या इवल्याशा आरशात त्याने आधी स्वतःचे केस सारखे केले, मग हळूच तिच्याकडे पाहिलं... आणि बाई गेल्या कामातून! उरलेलं द्रावण आम्ल घालून त्याच दिवशी निकामी करायचं, हे ती झोपेतही सांगू शकली असती. पण फ्लास्क तसाच टेबलावर ठेवून ती गुणगुणत घरी गेली.

सोमवारी सकाळी तो पुन्हा हजर. हातात बाटली, तीही बिनलेबलची. ती ठेवायला जागा करावी म्हणून त्याने फ्लास्ककडे हात नेला. फ्लास्कच्या तळाशी काळा थर होता. शिळ्या द्रावणातला तो थर नुसत्या धक्क्याने, कधी आपोआपही, स्फोटकासारखा फुटतो.

“हात... लावू नका,” ती म्हणाली. “मागे या. हळू... टेबलाला लागू नका.”

एकेक पाऊल मागे घेत दोघं दाराबाहेर आली. तिने सुरक्षा विभागाला फोन केला, सगळा मजला रिकामा झाला. तासाभराने आवारात उभ्या सगळ्यांना आतून ठो असा आवाज ऐकू आला.

“चूक माझी आहे,” ती म्हणाली. “शुक्रवारी तुमच्याच विचारात होते, म्हणून विसरले. तुमचा हात गेला असता... साहेबांना जाऊन सगळं सांगते. नोकरी गेली तर गेली.”

तो म्हणाला, “मीही येतो. आजच्या बाटलीचं लेबल मीच सोलून काढलं. इकडे यायला काहीतरी निमित्त हवं होतं.”

तिला हसू फुटलं, डोळेही भरले. तिने त्याचा हात ओढून घेतला आणि पाची बोटं एकेक करून चाचपली.

“पुन्हा एकदा बघा,” तो म्हणाला.