पडताळणी-सात

सोमवारी सकाळच्या आठच्या लातूर-नांदेड गाडीत जागा हवी असेल तर खिडकीतून रुमाल टाकावा लागतो, हे वर्षाराणीला काय ठाऊक नव्हतं? पण तिच्या दोन्ही हातांत फायलींची पिशवी होती, आणि डोक्यात इतका राग होता की कुणाचा रुमाल अन् कुणाचं काय. ती गर्दीतून आत घुसली आणि खिडकीपाशी पसरलेल्या एका निळ्या रुमालावर खुशाल बसून मोकळी झाली.

“मॅडम... तुम्ही माझ्या रुमालावर बसलात.”

“मग घ्या की,” ती न उठता म्हणाली.

“तुम्ही उठल्याशिवाय कसा घेऊ?”

“मग नांदेड आल्यावर घ्या.”

तो हसला आणि शेजारी बसला. तिशीच्या आतबाहेरचा, इस्त्रीचा शर्ट, कपाळावर विभूतीची पुसट रेघ. नाव विरूपाक्ष, गाव रेणापूर, नोकरी नांदेडला, एवढं त्यानं न विचारता सांगितलं. बाहेर श्रावणाची भुरभुर चालू होती आणि खिडकीच्या फटीतून पाणी तिच्या खांद्यावर यायला लागलं, तसं त्यानं हातातल्या वर्तमानपत्राची सुरळी करून ती फटीत कोंबली. वर्षाराणीनं त्याच्याकडं तिरकं बघितलं. एवढा सालस दिसणारा माणूस हमखास लबाड निघतो, हा तिचा अनुभव.

आता यात तिचा तरी काय दोष? तिचं कामच संशय घ्यायचं. लातूरच्या महालिंग महाविद्यालयात एम.ए., एम.एस्सी.च्या प्रवेशाचं केंद्र होतं, आणि तिथल्या तीन नंबरच्या खिडकीवर ती कंत्राटी कामाला होती. पोरांनी ऑनलाइन अर्ज भरायचा, मूळ कागद तिला आणून दाखवायचे, तिनं ते उलटसुलट करून बघायचे आणि संगणकावर ‘मंजूर’ करायचं. मग अर्ज नांदेडला विद्यापीठात जायचा. तिथं दुसरी तपासणी. त्या तपासणीला एक प्राणी बसला होता, त्याचं नावगाव कुणाला माहीत नव्हतं. स्क्रीनवर नुसतं ‘पडताळणी-सात’ दिसायचं. महिनाभरात ह्या पडताळणी-सातनं तिचे तेवीस अर्ज परत पाठवले होते. प्रत्येकावर तेच चार कोरडे शब्द, ‘त्रुटी आहे, खुलासा करावा.’

गंमत म्हणा की फजिती म्हणा, त्या तेवीसांतलं एकही पोरगं तिला आठवत नव्हतं. तेवीसही जण म्हणे राज्य पातळीवरचे तलवारबाज, आणि खेळाच्या बनावट प्रमाणपत्राचे वाढीव गुण घेऊन सगळे यादीत वर चढलेले, खुलासा होईपर्यंत तिथंच. तिच्या नावानं मंजूर झालेले. आज दुपारी तीनला समितीपुढं जाब द्यायचा होता, तशी नोटीस आली होती. नाही पटला, तर कंत्राट रद्द. घरात ती आणि आई, नीलम्मा. आईला तीन वेळचं इन्सुलिन, आणि कमावती ही एकटी.

चाकूर मागं पडलं. “पिशवीत काय आहे एवढं?” विरूपाक्षनं विचारलं.

“दगडं.”

“दगडांवर विद्यापीठाचा शिक्का?”

झालं. राग भरलेल्या माणसाला कान मिळाला की तो काय थांबतोय होय? तिनं सगळं ओकून टाकलं. तलवारबाज, नोटीस, आणि सगळ्यात जास्त तो मेला पडताळणी-सात.

“कसा असेल हो तो?” विरूपाक्षनं हळूच विचारलं.

“पन्नाशीचा. टकला. पोटात अल्सर. बायको माहेरी गेलेली.”

त्याला ठसका लागला. “बायको... का गेली असेल?”

“तिनं भाजी वाढली असेल, अन् ह्यानं ताटाकडं बघून म्हटलं असेल, त्रुटी आहे, खुलासा करावा.”

तो इतका हसला की पुढच्या सीटवरच्या म्हातारीनं मागं वळून पाहिलं. आणि खरं सांगायचं तर... वर्षाराणीलाही हसू आलं. महिन्यात पहिल्यांदा.

अहमदपूरला गाडी दहा मिनिटं थांबली. तो दोन चहा घेऊन आला.

“आधी तुम्ही प्या,” ती म्हणाली.

“का? विष घातलंय?”

“मला काय माहीत.”

त्यानं तिच्यादेखत दोन्ही कपांतला घोट घेतला आणि विचारलं, “कोणता देऊ?” तिनं मुकाट्यानं जवळचा कप घेतला. तो एकदम म्हणाला, “एक विचारू? दुपारी जेवता कुठं तुम्ही?”

आलं मूळ पदावर, असं तिच्या मनात आलं. “का? डबा आणून देणार?”

“सांगा तर.”

“घरी. दीडला निघते, आईला सुई देते, सव्वादोनला परत. जाताना अंगठा, येताना अंगठा. आम्ही कंत्राटी ना, पळून गेलो तर? पर्मनंटवाल्यांना नाही लावावा लागत.”

“आणि तेवढ्या वेळात तुमची खिडकी?”

“अण्णाराव काका बघतात. आमचे अधीक्षक. देवमाणूस आहे. ही नोकरी त्यांनीच लावली मला. तेच म्हणाले, पोरी, तू आईकडं जा, पासवर्ड तेवढा लिहून ठेव, पोरं ताटकळायला नकोत.”

विरूपाक्षचा चेहरा उतरला. “तेवीसच्या तेवीस अर्ज दीड ते सव्वादोनच्या मधी मंजूर झालेत.”

आता मात्र तिच्या मनात पाल चुकचुकली. “तुम्हाला काय माहीत?”

“मला टक्कल नाही,” तो म्हणाला. “अल्सर पण नाही. आणि लग्न... अजून झालेलं नाही.”

वर्षाराणीच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. “दीड तास माझं ऐकत बसलात?”

“उठून जाणार कुठं? रुमाल तुमच्याखाली होता.”

“हसू नका. तुम्हाला वाटलं, मी पैसे खाल्ले.”

“हो,” तो म्हणाला. सरळ म्हणाला. “पहिले आठ दिवस वाटलं. मग मी तुमचे शेरे वाचायला लागलो, पोरांना तुम्ही लिहिता ते. ‘टीसी प्लास्टिकच्या पिशवीत आणावी, पावसात शाई पसरते.’ ‘बाळंतपण नुकतंच झालं असल्यास स्वतः येण्याची घाई नको, भावाला पाठवावं.’ असा शेरा अख्ख्या विद्यापीठात कुणी लिहीत नाही. अन् त्या तेवीस अर्जांवर एक अक्षर नाही. ते तुमचं काम नव्हतंच.”

“मग मला तसं कळवायचं की.”

“कळवून काय लिहू? मी फक्त परत पाठवू शकतो. समितीला तसं लेखी दिलंय, पण नुसत्या माझ्या अंदाजावर कोण विश्वास ठेवील?”

ती उठली आणि पिशवी उचलून थेट कंडक्टरमागच्या रिकाम्या सीटवर जाऊन बसली. लोहा येऊन गेलं तरी तिनं मागं बघितलं नाही. विचार मात्र थांबेनात. ज्यानं नोकरी लावली त्या काकांवर संशय घ्यायचा, आणि सकाळच्या ह्या रुमालवाल्यावर विश्वास ठेवायचा? हाच मला काकांविरुद्ध उठवून आपली कातडी वाचवत नसेल कशावरून? पण मग तो चहा... दोन्ही कपांतला घोट घेताना त्याचा चेहरा किती गंभीर होता. छे, उगीच काहीतरी. सासू भेटली नाही अजून, अन् ही निघाली सासुरवाशीण व्हायला.

नांदेडच्या स्टँडवर उतरताना त्यानं तिच्या हातात एक चिठ्ठी दिली. तेवीस अर्ज, आणि प्रत्येकाची मंजुरीची तारीख अन् वेळ. “अंगठ्याचा रेकॉर्ड तुम्हीच मागा. मी मागितला तर म्हणतील दोघांचं साटंलोटं आहे.”

तिनं चिठ्ठी घेतली, पण शब्द दिला नाही.

विद्यापीठात पोहोचली तर अण्णाराव काका आधीच गाडी करून येऊन बसलेले. त्यांनी नेहमीसारखा तिच्या डोक्यावर हात ठेवला. “पोरी, घाबरू नको. पासवर्ड चोरीला गेला म्हण. मी आहे ना.”

वर्षाराणी जागच्या जागी थिजली. नोटीस तिला तोंडपाठ होती, आणि त्यात पासवर्डचा शब्द कुठंच नव्हता. मग काकांना कसं कळलं, की गोष्ट पासवर्डवर येणार आहे? हाच हात तिच्या वडलांच्या तेराव्याला डोक्यावर होता. रडू आलं, ते तिनं गिळलं.

तीनला आत बोलावलं. मधे समितीच्या अध्यक्षबाई, चष्म्यावरून बघणाऱ्या. एका बाजूला काका, दुसऱ्या बाजूला विरूपाक्ष. तो तिच्याकडं बघत नव्हता, आणि ते तिला उगीचच लागलं. तिनं उभं राहून चिठ्ठी पुढं केली आणि अंगठ्याचा रेकॉर्ड मागितला. पडद्यावर एकेक तारीख येत गेली. तेवीस वेळा वर्षाराणी बाहेर, आणि तेवीस वेळा तिच्या नावानं मंजूर.

“म्हणजे दुसऱ्या कुणीतरी केलं,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “त्याला पासवर्ड कसा मिळाला? तुम्ही दिला का? नियम माहीत असेल. पासवर्ड दिला त्याचं कंत्राट संपलं.”

“चोरला असेल कुणी, मॅडम,” काका मधेच म्हणाले. “दीड हजार पोरं हिंडतात कॉलेजात. कुणाचं नाव घ्यावं?”

किती सोपं होतं. चोरीला गेला म्हटलं की तिची नोकरी वाचत होती. काकाही वाचत होते. चोर सापडेपर्यंत चौकशी चालू, अन् तोवर तलवारबाज आपापल्या जागांवर बसून राहणार होते, आणि ज्यांच्या त्या जागा, ती पोरं घरी. नायगावची एक पोरगी तर रोज फोन करायची, ताई, माझं नाव अजून वेटिंगलाच कसं?

तेवढ्यात विरूपाक्ष उठला. घसा खाकरला. “मॅडम, मला वाटतं पासवर्ड चोरी...” आणि त्यानं पहिल्यांदा तिच्याकडं बघितलं.

तिला कळलं. एक कागद खोटा दिसला तर तेवीसदा परत पाठवणारा हा माणूस आता तिच्यासाठी खोटं बोलायला उभा राहिला होता. कान लाल झालेले, नजर स्थिर नाही, खोटं बोलायची साधी सवयसुद्धा नाही बिचाऱ्याला. ती ताडकन उठली.

“चोरीला नाही गेला. मी दिला. माझ्या हातानं लिहून अण्णाराव काकांना दिला.”

काका तिच्याकडं बघतच राहिले. तिनंही नजर खाली घेतली नाही.

अर्ध्या तासात निकाल लागला. तेवीस अर्ज रद्द, काका निलंबित, नवी यादी दोन दिवसांत. अध्यक्षबाईंनी वर्षाराणीच्या खरेपणाचं चांगलं दोन मिनिटं कौतुक केलं, आणि मग महिनाअखेरीपासून तिचं कंत्राट संपवल्याच्या कागदावर सही केली.

बाहेर पायऱ्यांवर तो छत्री न उघडताच उभा होता. पाऊस बारीक होता, तरी शर्ट भिजला होता.

“काय गरज होती?” तो जवळजवळ रागावलाच. “मी बोलायलो होतो ना.”

“खोटं बोलणार होतात.”

“तुमच्यासाठीच ना?”

“म्हणूनच नको होतं.” ती त्याच्याकडं वळली. “आज माझ्यासाठी खोटं बोलला असतात, तर उद्या माझ्याशी बोललेलं खरं कशावरून मानू? आयुष्यभर तुमच्यावर संशय राहिला असता मला.”

त्यानं अगदी हळू विचारलं, “आयुष्यभर?”

बाई गं. तेव्हा तिच्या लक्षात आलं, आपण काय बोलून बसलो. कानशिलं तापली तिची. “बोलण्याच्या भरात गेलं ते.”

“बरं. मग मी पण बोलण्याच्या भरात सांगतो. शेरे वाचायला लागल्यापासून तुमचा शेरा असलेला एक अर्ज मी रोज मुद्दाम शेवटी ठेवायचो. दिवस चांगला संपावा म्हणून.” तो थांबला. “तुम्ही कशा दिसता, काय वयाच्या, काही ठाऊक नव्हतं. आज गाडीत कळलं, आणि... मला तुम्ही लई आवडता.”

“हे खरं कशावरून?”

“येत्या रविवारी घरी येतो. आईंना सगळं सांगतो. नोकरी का गेली, ते पण.”

“आई पहिल्या रविवारी विश्वास ठेवायची नाही. माझ्यापेक्षा संशयी आहे ती. चार-पाच रविवार तरी लागतील.”

“लागू देत.”

त्यानं तिला परतीच्या गाडीत खिडकीची जागा धरून दिली आणि स्वतः खाली पावसात उभा राहिला. गाडी सुटायला पाच मिनिटं होती. तेव्हा कुठं वर्षाराणीला नोकरी गेल्याचं खरं जाणवलं, काकांनी केलेलं मनाला लागलं, आईला काय सांगायचं ह्याची धास्ती वाटली, आणि डोळे भरून आले. दुसरा कुणी असता तर तिनं तोंड फिरवलं असतं. वडील गेले तेव्हासुद्धा ती कुणाला दिसू नये म्हणून मोरीत जाऊन रडली होती. पण आज तिनं तोंड फिरवलं नाही. खिडकीच्या गजावर डोकं टेकून ती त्याच्यासमोर पोटभर रडली, आणि तो गाडी हलेपर्यंत तिथंच उभा राहिला.